शाळेत कामाची आणि जगण्याची कौशल्यं ऑनलाईन साधनांनी शिकवताना: गोव्यातल्या शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, त्या वर्षी आमचा एक माजी विद्यार्थी तिथल्या नोकरीसाठी अर्ज करायला निघाला. गुण चांगले होते, वागणं-बोलणं गोड होतं. पण बायोडेटा त्याने वहीच्या कागदावर लिहिला, त्याचा मोबाइलने फोटो काढला आणि विषयाची ओळ रिकामी ठेवून ई-मेलने पाठवून दिला. उत्तर आलंच नाही. हा मुलगा पाच वर्षं माझ्या वर्गात बसला होता आणि ई-मेल कसा लिहायचा हे मी त्याला एकदाही शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी हा विषय हातात घेतला. दुसऱ्या शाळांतले शिक्षक आणि मुलांचे आईवडील मला जे विचारतात, ते इथे उत्तरांसह दिलं आहे.

जीवनकौशल्यं म्हणजे नक्की काय शिकवायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यांची यादी केली. निर्णय घेणं, अडचण सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, माणसांशी नातं जोडणं, स्वतःची ओळख, दुसऱ्याचं दुःख समजणं, भावना आवरणं आणि ताण पेलणं. यादी चांगली आहे, पण फळ्यावर लिहून पाठ करून घेतली तर ती नागरिकशास्त्राचा आणखी एक धडा होते.

मी ती आपल्याकडच्या कामांत उतरवून बघते. हॉटेलच्या रिसेप्शनवर तक्रार घेऊन आलेल्या पाहुण्याशी कसं बोलायचं? वेर्णाच्या औषध कंपनीत शिफ्टचा तक्ता कसा वाचायचा? रहिवासी दाखल्यासाठी गोवा ऑनलाईन पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, त्याला कुठली कागदपत्रं जोडायची? गोवा कर्मचारी निवड आयोग सरकारी भरतीची परीक्षा संगणकावर घेतो. माउसवर हात बसलेला नसेल, तर येत असलेलं उत्तरही वेळेत नोंदवता येत नाही. हे सगळं शिकवण्याजोगं आहे आणि शाळेतच शिकवायला हवं.

चांगले व्हिडिओ दाखवले की मुलांना हे येतं का?

नाही. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. प्रोजेक्टर लावून ‘संघकार्य’ या विषयावर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. मुलं शांत बसली, मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात विचारलं तर कोणालाच काही आठवत नव्हतं.

आता क्रम उलटा केला आहे. काम आधी, व्हिडिओ मागून. आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं, तसं गोव्याच्या कितीतरी गावांत होतं. वर्गणी, पावती-बुकं, तालमीच्या वेळा, रंगभूषा, ध्वनी, पाहुण्यांची निमंत्रणं, सगळं गावच सांभाळतं. एका वर्षी नाटकाचा जमाखर्च संगणकावर मांडायचं काम मी मंडळाकडून नववीच्या मुलांसाठी मागून घेतलं. मुलं अडली, बेरीज जुळेना. तेव्हा स्प्रेडशीटमध्ये बेरजेचं सूत्र कसं द्यायचं हा दहा मिनिटांचा व्हिडिओ लावला. तो त्यांनी तीनदा मागे-पुढे करून पाहिला, कारण संध्याकाळी खजिनदारकाकांना हिशेब दाखवायचा होता. एका पावतीचे पैसे दोनदा धरले गेले होते, ते एका मुलीने शोधलं. खजिनदारकाकांनी पुढच्या वर्षीचा हिशेबही तिलाच करायला सांगितला.

कुठलंही साधन निवडण्याआधी स्वतःला विचारा: हे शिकून मूल या आठवड्यात कोणाचं कोणतं काम करणार आहे? उत्तर सापडत नसेल तर ते साधन सध्या बाजूला ठेवा.

फुकट आणि भरवशाची साधनं कोणती?

मी स्वतः वर्गात वापरलेल्यांबद्दलच सांगते.

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प माझ्या मते शाळांसाठी सर्वांत कामाचा. लिबरऑफिस रायटर, कॅल्क, इम्प्रेस अशी मोफत सॉफ्टवेअर ते सुमारे दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवतात आणि बऱ्याच पाठांना मराठी आवाज दिलेला आहे. पाठ बघण्याची पद्धतही ठरलेली आहे: पडद्याच्या एका भागात व्हिडिओ, दुसऱ्या भागात तेच सॉफ्टवेअर. एक पायरी बघायची, थांबवायचं, आपण करून बघायचं. व्हिडिओ नुसता बघत बसायला मुलांना जागाच उरत नाही. सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे परवान्याचा खर्च नाही आणि जुन्या संगणकांवरही काम भागतं.

‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचं केंद्र सरकारचं व्यासपीठ, २०१७ पासून चालू आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. शिक्षकांसाठीची प्रशिक्षणंही त्यावर असतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘स्वयम्’वर नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं मोफत आहे, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरावं लागतं. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रमही पाहावा.

बारावीच्या आणि महाविद्यालयातल्या मुलांना मी टीसीएस आयऑनचा ‘करिअर एज, यंग प्रोफेशनल’ हा पंधरा दिवसांचा मोफत कोर्स सुचवते. बायोडेटा, मुलाखत, संवाद, हिशेबाची तोंडओळख असे छोटे भाग त्यात आहेत. ‘इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड’वर सहावीपासूनच्या मुलांसाठी साहित्य आहे. दोन्हींचं बरंचसं इंग्रजीत आहे, तेवढं लक्षात ठेवा.

सगळं इंग्रजीत आहे. आमची मुलं अडतात. काय करावं?

गोव्यात हा प्रश्न जरा वेगळा आहे. आपली बरीच मुलं प्राथमिक शाळेत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यमात येतात. घरात कोंकणी, देवळात आणि नाटकात मराठी, पुस्तकात इंग्रजी, हॉटेलातल्या पाहुण्यांशी हिंदी. आपण याकडे अडचण म्हणून बघतो. प्रत्यक्षात चार भाषांमध्ये सहज ये-जा करणारं मूल ही कुठल्याही कार्यालयाला हवी असलेली गोष्ट आहे. गोवा सरकारच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं, ते मी मुलांना मुद्दाम दाखवते.

वर्गात मी असं करते: विचार आपल्या भाषेत, मसुदा आपल्या भाषेत आणि मग इंग्रजी. आठवीतली एक मुलगी मला म्हणाली होती, “टीचर, इंग्लिशीत बरोवपाक म्हाका भंय दिसता.” (इंग्रजीत लिहायला मला भीती वाटते.) तिला म्हटलं, आधी मराठीत सांग, तुला हॉटेलच्या मॅनेजरला काय कळवायचं आहे? तिने चार वाक्यांत नेमकं सांगितलं. तिचा गोंधळ विचारात नव्हता, फक्त शब्दांत होता. फोनच्या कळफलकावर मराठीत बोलून मजकूर टाइप करता येतो, त्याचाही मसुद्यासाठी चांगला उपयोग होतो.

आमच्या गावात नेटवर्क धड नाही, शाळेत संगणक मोजके. तरी जमेल?

जमतं. सत्तरी-सांग्याकडच्या शिक्षकांना हे नवीन नाही. दीक्षावरचं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं आणि मग इंटरनेटशिवाय चालतं. स्पोकन ट्युटोरियलचे पाठही उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतात. पीएम ई-विद्येच्या शैक्षणिक वाहिन्या मोफत डीटीएचवर दिसतात. एका संगणकावर तीन मुलं बसवली तर एकाने वाचायचं, एकाने करायचं, एकाने नोंद ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. पणजीला पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात सहल काढली तर सबंध दिवस सत्कारणी लागतो. १८३२ सालापासूनचं हे ग्रंथालय मुलांनी एरवीही पाहायलाच हवं.

अर्ज आणि ई-मेल लिहायला कसं शिकवावं?

यावर मी सगळ्यांत जास्त तास घालवते. आपली मुलं व्हॉट्सॲपवर तरबेज असतात, त्यामुळे ई-मेलही येत असेल असं आपण धरून चालतो.

पहिली गोष्ट, मेलचा पत्ता. गमतीचं टोपणनाव आणि जन्मसाल घालून केलेला पत्ता मित्रांसाठी ठीक आहे. नोकरीच्या अर्जासाठी नाव-आडनावाचा साधा पत्ता हवा. दुसरी, विषयाची ओळ. कोण लिहितंय आणि कशासाठी, हे त्या एका ओळीत कळलं पाहिजे. तिसरी, जोडलेल्या फाइलचं नाव. शंभर अर्जांत ‘बायोडेटा-फायनल-२’ नावाच्या दहा फाइली असतात, म्हणून फाइलला स्वतःचं नाव द्यायचं आणि ती पीडीएफ करून पाठवायची. चौथी, मेल पाठवण्याआधी मोठ्याने वाचायचा. पाचवी, आठवड्यात उत्तर नाही आलं तर नम्रपणे एकदा विचारायचं. ही पाचवी पायरी आपल्या मुलांना फार जड जाते. विचारलं तर समोरच्याला राग येईल असं त्यांना वाटतं, म्हणून तिचा सराव वर्गातच करून घेते.

सरावासाठी खरी माणसं शोधा. आम्ही मुलांकडून ग्रामपंचायतीला रस्त्यावरच्या दिव्याबद्दल पत्र लिहून घेतलं. मुख्याध्यापकांना सहलीची परवानगी मागणारा मेल, पाहुण्या वक्त्यांना आभाराचा मेल, असं वर्षभर चालू असतं. उत्तर येणार आहे हे माहीत असलं की मूल शुद्धलेखन आपणहून तपासतं.

पैशांचे व्यवहार कुठल्या वयापासून शिकवावेत?

दहाव्या वर्षानंतर मूल बँकेत बचत खातं उघडून स्वतः चालवू शकतं, रिझर्व्ह बँकेचा नियम तशी मुभा देतो. मर्यादा प्रत्येक बँक आपली ठरवते. म्हणून मी पाचवी-सहावीपासून सुरुवात करा म्हणते. बाजारातला हिशेब आधी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईबरोबर गेलेलं मूल भाव, वजन आणि सुटे पैसे हे सगळं बघत असतं. त्याला घरी येऊन ते लिहायला लावा.

मोठ्या मुलांसाठी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मोफत पुस्तिका आहेत. ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ज’ या पुस्तिकेत फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा चित्रकथांतून सांगितल्या आहेत. एका तासाला एक गोष्ट घ्या आणि मुलांना त्याचं प्रहसन करायला सांगा. नाटकाच्या गावातली मुलं ते झकास करतात, आणि भामट्याची भूमिका केलेल्या मुलाला भामट्याची भाषा लगेच ओळखू येते. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचं साहित्यही शाळांना उपयोगी आहे.

काही गोष्टी मात्र मी तोंडपाठ करून घेते. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक भारतीय कायद्यात नाहीच. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसला तरी फोन ठेवायचा. आपलं बँक खातं ‘दोन दिवसांसाठी’ कोणाला वापरायला द्यायचं नाही, कमिशन कितीही मिळो. चोरीचा पैसा फिरवायला अशीच खाती लागतात आणि पोलिस आधी खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवणं शक्य असतं. लाज वाटून गप्प बसण्यात वेळ जातो. म्हणून घरी सांगितलं तर ओरडा मिळणार नाही, एवढा विश्वास पालकांनी मुलांना आधीपासून द्यावा.

मुलांना आणखी एक सांगा: बँकेतली ठेव प्रत्येक खातेदारामागे एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. गावात पतसंस्थेत पैसे ठेवणारी कितीतरी घरं आहेत. हे ऐकून मुलांनी घरी जाऊन वडिलांना विचारलं, आणि वडिलांनी मला फोन केला. मला त्याचा आनंदच झाला.

नोकरीची जाहिरात खरी की खोटी, हे मुलांनी कसं ओळखावं?

नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागितले, की तिथेच थांबायचं. केंद्र सरकारचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ पोर्टल मोफत आहे. तिथे नोंदणी कशी करायची हे वर्गातच करून दाखवा. शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्राचं स्वतंत्र पोर्टल आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, त्यात किमान वय १४ वर्षं आहे आणि उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. होंड्याच्या किंवा फर्मागुढीच्या आयटीआयमध्ये जाणाऱ्या मुलांना हे आधीच ठाऊक असायला हवं.

गोव्यात आणखी दोन वाटा आहेत, जहाज आणि आखात. बोटीवर पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे का, ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. परदेशात नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, तेही बघता येतं. अशा एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. परवाना शोधण्याचं हे काम मी अकरावीच्या वर्गाला प्रत्यक्ष करायला लावते. वर्तमानपत्रातल्या तीन जाहिराती घ्यायच्या आणि तिन्ही एजंटांची नोंदणी तपासायची. एका मुलाने त्याच दिवशी घरी जाऊन आपल्या मामाचा एजंट तपासला.

एआय वापरू द्यावं का?

द्यावं, पण शिक्षकासमोर आणि तपासणीसह. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणाऱ्याचं वय किमान १३ हवं आणि १८ च्या आत पालकांची परवानगी हवी, ते पाळा.

गणेश चवथीच्या आधी मी मुलांना एका एआय साधनाकडून माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं टांगून केलेल्या सजावटीवर, परिच्छेद लिहून घ्यायला सांगितला. वाक्यं सुरेख होती. मुलांनी तो घरी आजीला वाचून दाखवला. आजींनी धडाधड चुका काढल्या: कांगलांचा पत्ता नाही, घागऱ्या नाहीत, सुपारीची शिपटं नाहीत, आणि बाजारातली सफरचंदं मात्र पहिल्या ओळीत. मुलांनी दुरुस्त केलेला परिच्छेद मूळच्या दुप्पट झाला. छान लिहिलेलं खरं असतंच असं नाही, आणि ज्याला विषय ठाऊक आहे तोच चूक पकडू शकतो, हे त्यांना एका तासात उमगलं. पुढे कुठल्याही कार्यालयात त्यांना हेच करावं लागणार आहे. बायोडेटासाठी एआयची मदत घेतली तर नियम एकच: त्यातल्या प्रत्येक शब्दावर मुलाखतीत प्रश्न आला तर उत्तर देता आलं पाहिजे.

मुलांची नावं, फोटो, फोन नंबर या वेबसाइटींना द्यावे का?

शक्य तितकं कमी द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. वर्गाचं काम शिक्षकाच्या एका खात्यावर भागत असेल तर तसंच करा.

ताण, छळ, भीती यांबद्दल ऑनलाईन काय आहे?

इथे व्हिडिओपेक्षा नंबर महत्त्वाचे. टेलि-मानस १४४१६, मनाच्या त्रासासाठी, २०२२ पासून चोवीस तास चालू आणि मोफत. मुलांसाठी १०९८. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे वर्गात भिंतीवर लावा.

मुलगीच काय, मुलगाही कामाला लागण्याआधी एक कायदा त्याला माहीत हवा. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. माझ्या एका विद्यार्थिनीला एका हॉटेलात प्रशिक्षणाच्या वेळी त्रास झाला. ‘मी तर शिकायला आलेली, मला कोण विचारतो’ असं समजून ती गप्प राहिली आणि प्रशिक्षण सोडून घरी बसली. आम्ही तिला हा कायदा शिकवला नव्हता, ही सल माझ्या मनात आहे. आता तो बारावीच्या पहिल्याच महिन्यात शिकवते, मुलग्यांसकट.

प्रमाणपत्रांना किंमत आहे का?

थोडी. पाच मिनिटांची प्रश्नमंजुषा सोडवून मिळालेली वीस प्रमाणपत्रं मुलाखत घेणारा बघत नाही. ‘जत्रेच्या नाटकाचा जमाखर्च संगणकावर ठेवला’ असं एक वाक्य असेल तर तो पुढचा प्रश्न त्यावरच विचारतो. शाळेची मूळ कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये कशी मिळवायची, ते मात्र दहावीतच शिकवा.

वेळापत्रकात यासाठी वेळ कुठून काढायचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायचं असतं. तिथे जाण्यापूर्वी प्रश्न तयार करणं, फोन करून वेळ घेणं, परत आल्यावर अहवाल लिहिणं ही सगळी कार्यालयीन कौशल्यंच आहेत. भाषेच्या तासाला पत्र, गणिताच्या तासाला हिशेब घ्या. नवा तास मागत बसलात तर वर्ष निघून जाईल.

मी शाळेत एकटीच आहे, सुरुवात कुठून करू?

एक वर्ग घ्या आणि गावातलं एक खरं काम शोधा: महिला मंडळाची सभेची नोंदवही, देवळाची वर्गणी, शाळेच्या ग्रंथालयाची यादी. ज्याचं काम आहे त्या माणसाला आधी भेटून तारीख ठरवा. मग स्पोकन ट्युटोरियलचे दोन-तीन पाठ उतरवून ठेवा आणि मुलं अडेपर्यंत ते लावू नका. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, दुसऱ्या दिवशी कमी होईल. काम पुरं झालं की ते ज्यांचं आहे त्यांच्या हातात मुलांनीच नेऊन द्यावं. तुम्ही बरोबर जा, पण बोलू नका.